फुइओनोंचे नारळ

ऑकलंडच्या साबणवाल्यांनी नाकारलेले खोबरेल तेलाचे अकरा डबे बुधवारच्या बोटीने परत आले. धक्क्यावरून गावात यायला दुपार झाली. याकोपोने ते शेडच्या सावलीला ओळीने लावले, एकाचं झाकण काढलं आणि मान बाजूला केली.

"ताई, जरा वास घे याचा."

तिरेसा उठली नाही. तव्यावर खोबऱ्याचा कीस होता आणि तिचे दोन्ही हात त्यात होते. "कशाला घेऊ? जाताना होता तोच असणार."

"खवट आहे."

"जाताना पण खवटच होता. तेव्हा मी सांगितलं होतं तुला."

याकोपोने खिशातून पत्र काढलं. दहा डबे नमुन्याचे पाठवा, पुढच्या शनिवारच्या बोटीने. आमचा माणूस धक्क्यावर तपासेल. खवटपणाच्या तपासणीत तीन थेंबांच्या वर गेलं तर करार संपला. पत्र सभ्य होतं, शेवटी शुभेच्छा होत्या.

"पुढचा शनिवार," तिरेसा म्हणाली आणि लाकडी फावडीने कीस उलटा केला.

त्याच शनिवारी दुसरंही एक काम संपणार होतं. पाद्रींच्या घरी न्यूझीलंडच्या सफरचंदवाल्यांचा मुकादम यादी घेऊन बसला होता, आणि नाव घालायला शनिवारच्या संध्याकाळपर्यंत मुदत होती. आलापाती, तिरेसाचा नवरा, तिथे तीन हंगाम जाऊन आला होता. दर वेळी सात महिने. तिसऱ्या वेळी परत आला तेव्हा त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. धाकटी मुलगी चार वर्षांची होती, ती त्याच्या चटईवर झोपायला तयार होईना. हा माणूस परत कधी जाणार, असं तिने आईला त्याच्यासमोरच विचारलं होतं. त्यानंतर गावाने तेलाची शेड काढली आणि आलापातीला दाबयंत्रावर जागा मिळाली. शेड चालली तर तो इथे राहणार होता. बंद पडली तर यादीत नाव.

त्या संध्याकाळी दोघं याबद्दल बोलले नाहीत. प्रार्थनेचा शंख झाला, प्रार्थना झाली, भाजलेलं फणसासारखं ब्रेडफ्रूट आणि नारळाच्या दुधातली अळूसारखी तारोची पानं खाऊन झाली. तिरेसाने त्याच्या खांद्याला तेल लावलं. शेडचंच तेल होतं. खोलीभर खवट वास सुटला.

"या वासाने ते माझा खांदापण परत पाठवतील," आलापाती म्हणाला.

*

शेड पाच घराण्यांची होती. प्रत्येक घराण्याने दोन माणसं कामाला दिली होती आणि एक मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, देखरेखीला. म्हणजे दहा जण राबायला आणि पाच प्रमुख बाकावर. कोणत्याच घराण्याला वगळता येत नव्हतं, म्हणून बाक लांब करून घ्यावा लागला होता. याकोपो मॅनेजर. तो राजधानीत, आपियाला शिकलेला, सव्वीस वर्षांचा, आणि त्याच्याकडे मताईपद नव्हतं. बाकासमोर त्याला जमिनीवर मांडी घालून बसावं लागे आणि विचारल्यावरच बोलावं लागे.

मार्च महिन्यात आपियाहून एक बाई आली होती, बुडणाऱ्या धंद्यांना मार्गी लावणारी. तिने मोठ्या कागदावर चौकटी काढल्या आणि रेघांनी जोडल्या. वर अध्यक्ष, त्याखाली मॅनेजर, त्याखाली तवा, खवणी, दाबयंत्र. काम कधी सुरू करायचं हे मॅनेजरने ठरवायचं, ती म्हणाली. पाचही मताईंनी माना डोलावल्या. फार नीट समजावलं म्हणाले. तिला चटई भेट दिली, डुकराचा भाजलेला पाय बांधून दिला आणि बोटीवर बसवून आले. कागद अजून भिंतीवर होता. धुराने आणि तेलाने तो इतका पारदर्शक झाला होता की मागच्या फळ्या दिसत.

"कागदावर मी तुमच्या सगळ्यांच्या वर आहे," याकोपो कधीकधी म्हणे.

"मग तिथेच बस जाऊन," लुसी म्हणे. लुसी खवणीवर होती. तिच्या तोंडाला दुपारच्या जेवणापुरतीच विश्रांती मिळे.

गुरुवारी सकाळी सहाला नारळ यायला लागले. सर्वांत आधी लुसीच्या घरचे, कारण ते शेडच्या मागेच राहत. मग तुआलांच्या घरचे. तुआला हे तिरेसा आणि आलापातीच्या घराण्याचे मताई. मग आणखी दोन घरांचे. घरचा मताई बाकावर बसला की त्याच्यासमोर त्याच्या घरचे नारळ फोडायचे. कोयत्याच्या पाठीचा एक घाव, दोन वाट्या. आत कोंब असेल किंवा खोबरं सुटलं असेल तर ते सर्वांच्या देखत बाजूला टाकायचं. म्हणजे अमक्याने सडके घातले असं नंतर कोणी म्हणायला नको. साडेसहाला चारही घरांच्या टोपल्या फोडलेल्या वाट्यांनी भरल्या. मताई लोक कोको प्यायले, हवामानाबद्दल बोलले आणि आपापल्या मळ्यांकडे गेले.

मग सगळे थांबले.

तव्याखाली करवंट्यांचा जाळ तयार होता. तवा दहा फूट लांब, जाड पोलादी पत्र्याचा. तिरेसाने त्यावर पाण्याचा हात झटकला, थेंब नाचत उडून गेले. तिने जाळ मागे ओढला. कुणीही काही सुरू केलं नाही. पहिला मान फुइओनोंचा होता. ते गावातले सर्वांत मोठे मताई आणि शेडचे अध्यक्ष. बैठकीत आवा या मानाच्या पेयाचा पहिला पेला त्यांना, बोलायची पहिली पाळी त्यांची, आणि तव्यावर पहिले नारळ त्यांच्या घरचे. असं कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

आठ वाजता ऊन टोपल्यांपर्यंत आलं. लुसीने टोपल्यांवर केळीची पानं टाकली. नऊला माशा आल्या.

दहा वाजता फुइओनोंची गाडी आली. घोडा म्हातारा होता आणि फुइओनो त्याच्या बाजूने चालत होते, डावा पाय किंचित ओढत. सगळे खाली बसले. नारळ उतरवले, फोडले, एकही वाईट निघाला नाही. इतके साफ सोललेले नारळ दुसऱ्या कोणत्याच घरचे नसत. ते खवले, तव्यावर पसरले. तिरेसा मुठीत कीस दाबून बघत राहिली. मूठ उघडल्यावर गोळा सुटला आणि तळव्यावर नुसती चमक राहिली की तो उतरवायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोपरापर्यंतच्या भाजल्याच्या खुणांनी शिकवलं होतं.

फुइओनोंच्या नारळांचं तेल छान निघालं. त्यानंतरचं घर बारा वाजता तव्यावर आलं, त्यानंतरचं दीडला, शेवटची टोपली अडीचला. तोपर्यंत लुसीच्या घरच्या वाट्यांना बोट लावलं तर बुळबुळीत लागत होतं. आणि सगळं तेल एकाच टाकीत जात होतं.

याकोपोने छोट्या बाटलीत तेल घेतलं, औषध टाकलं आणि ड्रॉपरने मोजायला लागला. रंग गुलाबी होईपर्यंत थेंब टाकायचे. जितके थेंब कमी तितकं तेल गोड.

"नऊ," तो म्हणाला.

"तू मॅनेजर आहेस ना?" तिरेसा म्हणाली. "मग सहाला सुरू कर."

"कोणाचे घेऊन? सांग ना, कोणाचे घेऊ? तुआलांचे घेतले तर तुआला स्वतःच घाबरून मला हाकलतील."

"बैठकीत बोल."

"बोललो. काम सहाला सुरू व्हायला हवं असं म्हटलं. सगळे म्हणाले, अगदी बरोबर. फुइओनो स्वतः म्हणाले, अगदी बरोबर, सहालाच व्हायला हवं." त्याने बाटली पालथी केली. "त्यानंतर भजन म्हटलं आणि बैठक संपली."

*

शुक्रवारी पहाटे तिरेसा फुइओनोंच्या घराकडे निघाली. फुइओनोंशी ती बोलू शकत नव्हती, पण त्यांच्या बायकोशी, सुलियांशी, बोलता येत होतं. हातात पानात बांधलेली शिजवलेली तारोची पानं होती, नुसतं जायचं नाही म्हणून. गाडी जरा लवकर निघाली तर बरं, एवढंच विचारायचं होतं. तेही कसं विचारायचं ते ती रस्ताभर जुळवत होती.

घराच्या मागून आवाज आला. नारळ सोलताना सोडणाचा जो फाटण्याचा आवाज येतो तो. पण संथ. एक आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

ती कुंपणाच्या कोपऱ्यावर थांबली. फुइओनो जमिनीत रोवलेल्या टोकदार खुंटासमोर उभे होते. कमरेला जुनी लुंगी, अंगात काही नाही. मांड्यांवरचं गोंदण सुरकुत्यांत गेलं होतं. त्यांनी नारळ दोन हातांनी उचलला, खुंटावर आपटला, शरीराचा भार टाकून पिळला. डावा पाय सरकला. ते एका हाताने खुंट धरून उभे राहिले, श्वास घेतला आणि तोच नारळ पुन्हा उचलला. सोललेल्यांचा ढीग गुडघ्याएवढा होता, न सोललेल्यांचा छातीएवढा.

गावात हे काम पोरंसोरं करत. मताईपद नसलेले पुरुष करत. मताई हे करताना तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

ती मागे वळली तर समोर सुलिया उभ्या होत्या.

"पाहिलंस?"

"नाही पाहिलं, आई."

"बरं केलंस," सुलिया म्हणाल्या. "ये, चुलीशी बस."

स्वैपाकाच्या खोपटात त्यांनी पानाची पुडी घेतली, उघडून वास घेतला, बाजूला ठेवली.  मागून सोडण फाटत होतं.

"दोघे मुलगे ऑकलंडला, एक मेलबर्नला," त्या म्हणाल्या. "पैसे पाठवतात, फोटो पाठवतात. पुतण्या होता, तो गेल्या यादीत गेला. शेडवर दिल्यात त्या दोघी बायकाच. घरात पुरुष म्हणजे हेच."

"कुणालाही सांगितलं असतंत तर आलं असतं."

"सांगायचं म्हणजे काय सांगायचं? फुइओनोंच्या घरात नारळ सोलायला माणूस नाही, असं?" त्यांनी फुंकून जाळ केला. "मी म्हटलं, या वर्षी आपल्या घरचे नको पाठवायला. तर म्हणाले, मग मी बाकावर कोणत्या तोंडाने बसू."

तिरेसाने खाली बघितलं.

"तीनला उठतात," सुलिया म्हणाल्या. "तरी दहा वाजतात."

*

आलापातीला तिने रविवारी चर्चहून आल्यावर सांगितलं. मुली समुद्रावर गेल्या होत्या. ऐकून तो म्हणाला, "आणि आपण सगळे समजत होतो, मोठे आहेत म्हणून आरामात येतात."

"कुणाला सांगू नकोस."

"सांगतोय कशाला? माझं तोंड लुसीचं आहे का?"

सोमवारी तो अंधारातच फुइओनोंच्या घरी गेला. डाव्या खांद्यावर भार घेऊन सोलायची त्याने स्वतःची रीत काढली होती, ती विचित्र दिसे पण चाले. फुइओनो तीनला बाहेर आले तेव्हा निम्मा ढीग झाला होता. त्यांनी आलापातीकडे पाहिलं. कोण, का, कुणी पाठवलं, काहीही विचारलं नाही. ते ओट्यावर बसले आणि तो सोलत असेपर्यंत तिथेच बसून राहिले. शेवटी म्हणाले, "त्या हाताला काय झालंय?"

"सफरचंदं," आलापाती म्हणाला.

सहा वाजता फुइओनोंची गाडी शेडवर सर्वांच्या आधी उभी होती. लुसी डोळे चोळत आली आणि गाडी पाहून परत घरात जाऊन घड्याळ बघून आली.

साडेसहाला कीस तव्यावर होता. अकराला शेवटची टोपली संपली. याकोपोने थेंब टाकले. दुसऱ्याच थेंबाला बाटली गुलाबी झाली. त्याचा विश्वास बसेना, त्याने पुन्हा नव्याने करून पाहिलं. दोन. त्या दिवशीचे दोन डबे भरून त्याने स्वतः झाकणं ठोकली. मंगळवारीही दोन डबे, दोन थेंब.

मंगळवारी संध्याकाळी तुआलांनी आलापातीला बोलावलं.

तुआला काही वाईट माणूस नव्हते. पण त्यांचं घराणं पाचांमध्ये चौथं होतं आणि हे त्यांना कधी विसरता येत नसे. आलापाती चटईच्या काठावर मांडी घालून बसला. तुआला बराच वेळ शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलले, ते कोंबड्या कशा धरतं, त्याला कसं बांधायला हवं.

"कुत्रं कुठे खातं त्यावरून मालक कळतो," ते म्हणाले. "तुला कोण खायला घालतं?"

"आपण."

"दाबयंत्रावर जागा कोणी दिली?"

"आपण दिलीत."

"मग दोन दिवस दुसऱ्याच्या अंगणात तुझा घाम पडतोय तो कशाला? मताईपद वगैरे हवंय का तिकडचं? सांग, मला लाज वाटणार नाही." त्यांच्या आवाजात लाजच होती. "लोक म्हणतायत, तुआलाच्या घरची माणसं आता फुइओनोंच्या घरी जातात. माझ्या तोंडावर म्हणतायत."

आलापातीला खरं कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तुआला लगेच शांत झाले असते, आणि उद्या दुपारपर्यंत गावाला कळलं असतं. तो म्हणाला, "चुकलं."

"माझ्या स्वैपाकघराचं छप्पर गळतंय. उद्यापासून पहाटे तू ते शाकार. शेड सुरू होईपर्यंत. शनिवारपर्यंत पुरेल तेवढं काम आहे."

घरी येऊन त्याने हे जसंच्या तसं सांगितलं, कुत्र्यासकट. तिरेसाने दिवस मोजले. चार डबे झाले होते. सहा राहिले होते. बुध, गुरू, शुक्र. एकही दिवस वाया घालवायला शिल्लक नव्हता.

"यादीत नाव घालून ठेवतो," आलापाती म्हणाला. "नंतर काढता येतं."

"कुणाचं निघालंय आजवर?"



*

बुधवारी सहाला चार घरांचे नारळ आले. चार मताई बाकावर बसले, नारळ फुटले, कोको झाला, मताई गेले. फुइओनोंची गाडी नव्हती.

तिरेसा तव्याशी उभी होती. साडेसहा, पावणेसात, सात. दोन दिवसांत सगळ्यांना लवकर सुरू करायची सवय लागली होती, त्यामुळे थांबणं जड जात होतं. लुसीसुद्धा गप्प होती. आलापाती दाबयंत्राच्या दांड्याला टेकून उभा होता, केसांत शाकारणीची पाती अडकलेली.

सव्वासातला तिरेसाने एका वाटीत बोट फिरवलं, नाकाशी नेलं. अजून गोड होतं. आणखी तासाभरात राहिलं नसतं.

"लुसी, तुमच्या घरचे सगळ्यांत आधी आले ना आज?"

"रोजच येतात. का?"

"दे ती टोपली इकडे."

लुसीने टोपलीवर दोन्ही हात ठेवले. "वेडी झालीस का? आमचं घर पाचवं आहे. पाचवं! आमचे आधी टाकलेस तर आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा नाही. तुझ्या घरचे टाक."

"आमचे टाकले तर लोक म्हणतील तुआला वर चढले. आले तसे घ्यायचे."

"मी घ्या म्हटलं नव्हतं. याकोपो, तू ऐकलंस, मी घ्या म्हटलं नव्हतं!"

याकोपो भिंतीवरच्या कागदाकडे बघत होता. बघण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं. "ताई, मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"तू मॅनेजर आहेस. तूच बघायला हवंस."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग खवणीच्या इंजिनापाशी गेला, दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली. दोनदा नुसती फडफड झाली. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं आणि मग कुणाला काही बोललेलं ऐकू येईना.

अर्ध्या तासात गावाला कळलं. तुआला मळ्यातून धावत आले, पाय चिखलाने भरलेले. "थांबवा! कोणी सांगितलं हे? तिरेसा, तुला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"माझ्या घरची बाई!" ते बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. "माझ्या घरची!"

पण कीस तव्यावर होता, आणि तव्यावरचा कीस कुणासाठी थांबत नाही. ती उलटत राहिली.

साडेनऊला फुइओनोंची गाडी दिसली. याकोपोने इंजिन बंद केलं. सगळे होते तिथे खाली बसले. आलापातीने दांडा सोडला आणि बसला. तिरेसाही फावडी हातात धरून तव्यामागे जमिनीवर बसली. मोठा मताई आला असताना त्याच्यासमोर उभं राहायचं नसतं, हे तिच्या गुडघ्यांना तिच्या आधी कळलं.

फुइओनो आत आले. त्यांनी तवा पाहिला. रिकाम्या झालेल्या दोन टोपल्या पाहिल्या. त्यांच्या हातांना ताजे ओरखडे होते, ते त्यांनी लुंगीच्या काठात लपवले. ते बाकावर बसले.

"ही चूक आमच्या घराची आहे," तुआला म्हणाले. "ही बाई अडाणी आहे. मी आत्ताच्या आत्ता तवा रिकामा करायला लावतो—"

कीस कडेने तपकिरी व्हायला लागला. वास सुटला. तिरेसा बसून होती. तिच्या डोळ्यांत धूर गेला तरी तिने हात उचलला नाही.

"ऊठ," फुइओनो म्हणाले. "करपेल."

ती उठली नाही. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मुली, उभी राहा. बसून तो उलटता येत नाही."

ती उभी राहिली. ते बाकावर खाली आणि ती तव्याशी उभी, त्यांच्या डोक्याहून वर. तिने कीस उलटला. मानेपर्यंत घाम आला, आणि तो जाळाचा नव्हता. मूठ दाबली, उघडली. चमक होती. तिने आलापातीकडे पाहिलं, तो उठला, त्याने दाबयंत्राचं नळकांडं भरलं.

"माझे उतरवा," फुइओनो म्हणाले. दोघं गाडीकडे धावले, एकाने कोयता उचलला. "फोडू नका. पाळी आली की फोडा."

लुसीने तिरेसाकडे पाहिलं. नारळ न फोडताही ठेवता येतात हे इतक्या महिन्यांत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फोडणं हा मान होता.

"पण फुइओनो, आपल्याला आम्ही बसवून कसं ठेवणार?" तुआला म्हणाले.

"बस, तुआला. रांग आहे."

ते बसून राहिले. साडेनऊपासून बारापर्यंत. त्यांना आयुष्यात कुणी कशासाठी थांबवलं नव्हतं, आणि कसं थांबायचं ते त्यांना नीट जमतही नव्हतं. ते एकदा कोको मागत, एकदा गाडीकडे बघत. एकदा त्यांचा डोळा लागला. तुआला त्यांच्या शेजारी ताठ बसले होते, कारण ते असताना उठून जाता येत नव्हतं. त्यांच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला. बाराला फुइओनोंचे नारळ फोडले, खवले आणि सर्वांत शेवटी तव्यावर आले.

थेंब तीन झाले. याकोपोने बाटली उजेडाकडे धरून बघितली आणि मान हलवली. चालण्यासारखं होतं.

*

त्याच संध्याकाळी मताईंची बैठक झाली. तिरेसाला तिथे जागा नव्हती. आलापाती आवा वाटणाऱ्यांमध्ये होता, त्याने परत येऊन सांगितलं.

"दंड बसला. एक मोठी डुकरीण आणि तारोचे शंभर कंद. शनिवारी दुपारी. तुआलांच्या घराण्यावर आहे, म्हणजे आपल्यावर."

"मोठी म्हणजे आपली ती?"

"दुसरी कुठे आहे?"

तिरेसाने श्वास सोडला. डुकरीण दोन वर्षांची होती, गाभण राहायची होती. "कोण म्हणालं?"

"फुइओनोच म्हणाले. क्रम मोडला, दंड व्हायलाच हवा. सगळे म्हणाले, अगदी बरोबर. मग म्हणाले, उद्यापासून शेडमध्ये जो आधी येईल त्याचे आधी, आणि पाळी आल्याशिवाय नारळ फोडायचे नाहीत. सगळे म्हणाले, अगदी बरोबर." आलापाती हसू दाबत होता. "मग तुआला म्हणाले, आता नियम तोच झाला तर आमच्या घराला दंड कशाचा?"

"मग?"

"फुइओनो म्हणाले, सकाळी तो नियम नव्हता."

गुरुवारी लुसीचं घर पहिलं आलं. शुक्रवारी तुआलांचं, पहाटे पाचला, तुआला स्वतः गाडीवर कंदील घेऊन बसलेले. फुइओनोंची गाडी दोन्ही दिवशी दहाच्या सुमाराला आली आणि तिच्या वेळेमुळे कुणाचं काही अडलं नाही. चार डबे, दोन थेंब.

शनिवारी दुपारी याकोपोचा धक्क्यावरून शेडवर फोन आला. साबणवाल्यांच्या माणसाने दहाही डबे उघडून तपासले. बुधवारच्या डब्यांपाशी तो जरा रेंगाळला. मग त्याने दहाही बोटीवर चढवले आणि महिन्याला चाळीस डबे हवेत असं लिहून दिलं. याकोपो फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत होता की लुसीने तो आपल्या घरातून ऐकला.

डुकरीण न्यायला दोघांना तास लागला. आलापाती पुढे दोरी ओढत होता, तिरेसा मागून काठी लावत होती, तारोच्या गोणी तुआलांच्या गाडीवर होत्या. बैठकीच्या घरासमोर गोणी ओतल्या. दंड चोख असावा लागतो, म्हणून तुआलांनी स्वतः तारो मोजले, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"नव्याण्णव," ते म्हणाले आणि शरमेने लाल झाले.

आतून फुइओनोंचा आवाज आला. "शंभर सांगितले होते."

"आणतो," आलापाती म्हणाला.

तिरेसा पायऱ्यांखाली गवतावर बसली आणि त्याला जाताना बघत राहिली. मळ्याचा रस्ता पाद्रींच्या घरावरून जात होता. मुकादम टेबल आवरत होता. त्याने यादीची वही काखेत धरली होती आणि आलापातीला पाहून त्याने ती पुन्हा उघडली.

"आलापाती! तुझ्याचसाठी थांबलोय. घालू का नाव?"

"आता वेळ नाही," आलापाती चालता चालता म्हणाला. "एक तारो कमी पडलाय."